दोष कोणत्या वाटेवर? जुन्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरचे निदान

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ ही उत्सर्जन मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार होऊन त्याची जागा संगणकाच्या नियंत्रणाखाली इंधन फवारणाऱ्या, गॅरेजमध्ये ‘एफआय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्रणेने घेतली. त्यापूर्वी विकल्या गेलेल्या बहुतेक मोटारसायकली मात्र आजही कार्बोरेटरवरच चालतात. ठाण्याच्या ‘एमएच ०४’ आणि कल्याणच्या ‘एमएच ०५’ क्रमांकांच्या अशा अनेक स्प्लेंडर, पल्सर, बुलेट आणि क्वचित एखादी आरएक्स १०० घर ते स्टेशन एवढ्या लहान अंतरासाठी रोज वापरली जाते, दिवसभर स्टेशनजवळच्या वाहनतळावर उभी राहते आणि संध्याकाळी पुन्हा तितकेच अंतर कापते. नोंदणीची १५ वर्षे पूर्ण झाल्यावर परिवहन कार्यालयात तपासणी करून घेऊन पुढील ५ वर्षांसाठी पुनर्नोंदणी करता येते, त्यामुळे नीट राखलेली गाडी दोन दशकांनंतरही रस्त्यावर राहू शकते. मात्र त्या वयात तिच्या तक्रारींत इंधनपुरवठ्याच्या तक्रारी वरचढ ठरू लागतात.

गाडी सकाळी सुरू होत नाही, सिग्नलला बंद पडते, चढाला धक्के खाते किंवा प्लग वारंवार काळा करते, अशी कोणतीही तक्रार आली की ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आला’ असे निदान करून तो उतरवून धुण्याची पद्धत रूढ आहे, आणि पुष्कळदा त्याने तात्पुरता गुणही येतो. परंतु कार्बोरेटर म्हणजे एकच छिद्र नसून थ्रॉटलच्या वेगवेगळ्या स्थितींत काम करणाऱ्या अनेक वाटांची मांडणी असल्यामुळे, दोष थ्रॉटलच्या नेमक्या कोणत्या स्थितीत प्रकट होतो याचे निरीक्षण केले, तर काहीही न उघडता तो बहुतांशी हुडकता येतो.

हवा, इंधन आणि त्यांचे प्रमाण

पिस्टन खाली जाताना इंजिन हवा ओढून घेते, आणि ही हवा कार्बोरेटरच्या मधोमध अरुंद केलेल्या भागातून, म्हणजे व्हेंच्युरीतून जाताना तिचा वेग वाढून दाब घटतो. या घटलेल्या दाबामुळे खालच्या वाटीत साठवलेले पेट्रोल बारीक छिद्रांतून वर खेचले जाऊन हवेत तुषारांच्या रूपाने मिसळते. छिद्र पाडलेल्या पितळी तुकड्यांना जेट म्हणतात, आणि किती पेट्रोल जावे हे त्यांच्या छिद्राचा आकार ठरवतो. पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनासाठी १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते. यापेक्षा पेट्रोल अधिक असेल तर मिश्रण ‘रिच’ आणि कमी असेल तर ‘लीन’ म्हटले जाते. रिच मिश्रणाने प्लगवर कोरडी काळी काजळी धरते, मायलेज घटते आणि धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येतो, तर लीन मिश्रणाने इंजिन अधिक तापते, रेस देताना अडखळते आणि रेस सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट आवाज करते.

वाटीतील पेट्रोलची पातळी स्थिर राखण्याचे काम फ्लोट करतो. इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत बॉल कॉक जसा पाणी ठरावीक पातळीला येताच नळ बंद करतो, तसाच हा तरंगता फ्लोट वर येऊन टोकदार सुई तिच्या बैठकीत दाबतो आणि टाकीकडून येणारे पेट्रोल थांबवतो. ही पातळी काही मिलिमीटरांनी जरी वरखाली झाली, तरी सर्वच जेटमधून जाणाऱ्या पेट्रोलचे प्रमाण बदलते. म्हणून थ्रॉटलच्या प्रत्येक स्थितीत सारखाच रिच किंवा सारखाच लीन असणारा दोष आढळला, तर शोध जेटपासून नव्हे, तर वाटीच्या पातळीपासून आणि हवेच्या फिल्टरपासून सुरू करावा लागतो.

कार्बोरेटर उघडण्यापूर्वी

इंधनाची वाटणारी निम्मी दुखणी कार्बोरेटरच्या बाहेरची असतात, आणि ती वेगळी काढण्याचा पहिला मार्ग म्हणजे स्पार्क प्लग. सुरू न होणाऱ्या गाडीला काही किक मारून प्लग काढल्यावर तो कोरडा असेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. ओला असेल, तर पेट्रोल पोहोचते आहे पण ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल गरजेपेक्षा जास्त येते आहे. धावत्या गाडीसाठी आणखी एक भेद उपयोगी पडतो. गाडी कोणत्याही गिअरमध्ये आणि कोणत्याही वेगाला, परंतु थ्रॉटलच्या एकाच स्थितीत मिसिंग करत असेल, तर संशय कार्बोरेटरवर जातो. उलट थ्रॉटल कितीही उघडा असो, इंजिनाचे फेरे एका ठरावीक संख्येला पोहोचले की मिसिंग सुरू होत असेल, तर कॉइल, सीडीआय, प्लग किंवा व्हॉल्व्ह यांची तपासणी आधी व्हायला हवी.

प्लग कोरडा निघाल्यास शोध टाकीपासून खाली यावा. टाकीच्या झाकणात हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र असते आणि ते धुळीने किंवा गंजाने बुजले, तर पेट्रोल कमी होत जाईल तशी टाकीत निर्वात पोकळी निर्माण होऊन प्रवाह मंदावतो. अशी गाडी काही किलोमीटर नीट धावून बंद पडते, थोडा वेळ उभी केल्यावर पुन्हा सुरू होते, आणि बंद पडल्याबरोबर झाकण उघडल्यास हवा आत शिरल्याचा फुस्स आवाज येतो. या एका आवाजाने निदान पूर्ण होते. त्यानंतर पेट्रोल कॉकची पाळी येते. नेहमीच्या ‘ऑन’ स्थितीत पेट्रोल टाकीच्या तळापासून थोड्या उंचीवर उघडणाऱ्या नळीतून, तर ‘रिझर्व्ह’मध्ये थेट तळातून येते, त्यामुळे तळाशी साचलेला गंज आणि पाणी हे बहुधा रिझर्व्ह लावल्यावरच कार्बोरेटरकडे उतरतात. कार्बोरेटरकडील नळी काढून कॉक उघडल्यावर पेट्रोलची सलग धार पडली पाहिजे. ती थेंबाथेंबाने पडत असेल, तर कॉकवरील जाळी, नळीतील फिल्टर किंवा वळलेली नळी हे कारण असते. काही गाड्यांचा कॉक इंजिनाच्या निर्वात दाबावरच उघडतो, आणि अशा गाडीत इंजिन बंद असताना धार न येणे हा दोष नव्हे.

ही चाचणी करताना पेट्रोल धातूच्या भांड्यात घ्यावे आणि ती उघड्या जागेत करावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरते, आणि डोंबिवली-कल्याणच्या अनेक सोसायट्यांत गाड्यांच्या जागेलगतच जिन्याखाली वीजमीटर बसवलेले असतात. अशा बंदिस्त तळमजल्यावर पेट्रोल सांडणे धोक्याचे आहे.

थ्रॉटलच्या स्थितीवरून शोध

टाकीकडून पुरवठा नीट असल्याची खात्री झाल्यावर थ्रॉटलचे निरीक्षण सुरू करावे. त्यासाठी मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या घरावर चिकटपट्टीच्या खुणा करून बंद, पाव, निम्मा, पाऊण आणि पूर्ण अशा स्थिती ओळखता येतील असे करावे, कारण गाडीचा वेग आणि थ्रॉटलचे उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी असून सपाट रस्त्यावर ५० किलोमीटरचा वेग बऱ्याच गाड्या पाव थ्रॉटललाच गाठतात.

थ्रॉटल बंद असताना आणि सुमारे एक-अष्टमांश उघडेपर्यंत पेट्रोल पायलट जेटमधून येते. या जेटचे छिद्र सर्वांत बारीक, साधारणतः अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असल्याने कचरा आणि साका यांचा पहिला बळी तेच ठरते. ठाण्याच्या तीन हात नाक्यावर सिग्नलला थांबताच बंद पडणारी, स्लोला न राहणारी, चोक ओढल्यावाचून सुरू न होणारी, पण रस्ता मोकळा मिळताच निर्दोष धावणारी गाडी या वाटेवरचाच दोष दाखवत असते. चाचणीसाठी चोक थोडा ओढून पाहावा, कारण चोक मिश्रण रिच करतो. त्याने इंजिन सुधारले तर मूळ मिश्रण लीन होते आणि बिघडले तर ते आधीच रिच होते, हा निष्कर्ष जवळजवळ प्रत्येक स्थितीत वापरता येतो.

पायलट वाटेसारखाच भास कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधील जोडही निर्माण करतो. तेथील रबर किंवा सीलची रिंग वयाने कडक होऊन तडकली, की फिल्टरमधून न आलेली जास्तीची हवा आत शिरून मिश्रण लीन होते. अशी गाडी ‘एअर घेते’ असे मेकॅनिक म्हणतात, आणि तिची खूण म्हणजे रेस सोडल्यावरही इंजिनाचे फेरे वरच रेंगाळणे. इंजिन स्लोला चालू ठेवून जोडाभोवती साबणाचे पाणी शिंपडल्यावर फेऱ्यांत फरक पडला, तर गळती तेथेच आहे. या चाचणीसाठी पेट्रोल फवारण्याची सवय मात्र आगीला आमंत्रण देणारी आहे.

एक-अष्टमांश ते पाव थ्रॉटलदरम्यान मिश्रणावर प्रभाव पडतो तो वरखाली सरकणाऱ्या स्लाइडच्या तिरकस कापलेल्या कडेचा, आणि डोंबिवलीच्या फडके रोडवरील गर्दीत हळूहळू रेस देत पुढे सरकणाऱ्या गाडीचे काम बहुतांशी येथेच चालते. पाव ते पाऊण या मोठ्या टप्प्यात, म्हणजे कल्याण-शीळ मार्गावर मोकळ्या वेळी धरलेल्या वेगात, अधिकार चालतो तो स्लाइडला लटकलेल्या निमुळत्या सुईचा. ही सुई नीडल जेटमध्ये सतत घासून वर्षानुवर्षांनी छिद्र अंडाकृती करते, मिश्रण रिच होते आणि जुन्या गाडीचे मायलेज कोणतेही उघड कारण नसताना घटू लागते. असा झिजलेला जोड धुऊन सुधारत नाही, सुई आणि नीडल जेट दोन्ही एकदम बदलावे लागतात. नंतरच्या काळातील काही गाड्यांत स्लाइड तारेने न ओढता निर्वात दाबावर चालणाऱ्या रबरी पडद्याने उचलली जाते, आणि हा पडदा फाटला तर थ्रॉटल उघडूनही गाडी उचल घेत नाही.

पाऊण ते पूर्ण थ्रॉटलला मुख्य जेट काम करतो, आणि त्याची परीक्षा घोडबंदर रस्त्यावरील गायमुख घाटात दोन माणसांसह चढताना होते. येथे दोन दोषांत फरक करणे आवश्यक असते. थ्रॉटल पूर्ण उघडताच दम तुटत असेल तर मुख्य जेट चोंदलेला किंवा चुकीच्या क्रमांकाचा असू शकतो. परंतु गाडी काही वेळ जोमाने चढून मग ढेपाळत असेल आणि रेस कमी केल्यावर पुन्हा सावरत असेल, तर वाटीत येणारे पेट्रोल जाणाऱ्या पेट्रोलला पुरे पडत नाही असा अर्थ निघतो, आणि शोध पुन्हा कॉक, नळी व फ्लोटच्या सुईकडे वळवावा लागतो. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीत हा निर्णय लांबणीवर टाकता येत नाही, कारण तिच्या इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच सिलिंडरमध्ये जळते आणि लीन मिश्रणावर पूर्ण रेसने चालवल्यास तापून पिस्टन जाम होण्याची शक्यता असते.

थांबत नाही तेव्हा

पेट्रोल कमी येण्याइतकाच नेहमीचा दोष म्हणजे ते न थांबणे. वाटीच्या नळीतून पेट्रोल टपकत राहिले, तर सुई आणि तिची बैठक यांच्यात कण अडकला आहे, सुईचे रबरी टोक झिजले आहे, किंवा फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरले आहे. पितळी फ्लोट कानाशी हलवल्यावर आतले पेट्रोल ऐकू येते. कण अडकलेला असल्यास वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल वाहू दिल्याने तो बरेचदा निघून जातो. काही गाड्यांत मात्र हे जास्तीचे पेट्रोल बाहेर न टपकता इंजिनात झिरपते आणि ऑइलमध्ये मिसळून त्याचे वंगण गुण नष्ट करते. म्हणून ऑइलची पातळी न भरता वाढलेली दिसली किंवा डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरू न करता आधी कारण दूर करून ऑइल बदलावे. रात्री कॉक बंद करण्याची जुनी सवय याच धोक्यापासून वाचवते.

पाऊस, पूर आणि इथेनॉल

ठाणे परिसरात वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ संपूर्ण चार महिन्यांत कोसळतो, त्यामुळे उघड्या वाहनतळावर उभ्या गाडीच्या टाकीत पाणी शिरणे ही येथील नेहमीची बाब आहे. टाकीत खोलगट बसवलेल्या झाकणाभोवतीचे पाणी खाली नेणारी नळी बुजली, की झाकणाच्या कडेला तळे साचते आणि कडक झालेल्या रबरी वायसरखालून पाणी आत जाते. अर्धी रिकामी टाकी असल्यास आतील दमट हवेचे पाणी थंड पत्र्यावर जमून गंजालाही सुरुवात होते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत आणि जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला आलेल्या पुरात कल्याण-बदलापूर पट्ट्यात जे घडले, त्याप्रमाणे गाडी पाण्याखाली गेली असेल, तर किक किंवा बटण मुळीच मारू नये. टाकी, वाटी, फिल्टर आणि ऑइल रिकामे करून, प्लग काढून सिलिंडरमधील पाणी बाहेर पडू दिल्यानंतरच ती सुरू करण्याचा प्रयत्न करावा.

पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते, म्हणून वाटीचे पेट्रोल पारदर्शक काचेच्या भांड्यात घेऊन स्थिर ठेवल्यास तळाचे गोल थेंब लगेच दिसतात. मात्र इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने ही बाब गुंतागुंतीची केली आहे. देशातील पेट्रोलमधील इथेनॉलचे सरासरी प्रमाण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर गेले, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये ते सर्वत्र रूढ झाले. इथेनॉल पाणी शोषून घेते, म्हणून थोडे पाणी पेट्रोलमध्ये विरघळून इंजिनातून निघूनही जाते. परंतु शोषणाची मर्यादा ओलांडली, की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी असा थर जमतो की त्यावर इंजिन चालत नाही. रिझर्व्हमध्ये कॉक नेमका तळातूनच पेट्रोल घेत असल्याने तो लावताच हाच थर प्रथम कार्बोरेटरमध्ये येतो.

इथेनॉलचे आणखी दोन परिणाम जुन्या गाडीला भोगावे लागतात. पहिला असा की, ते टाकीतील जुना साका आणि गंज सुटा करते आणि त्याच्यासाठी न बनवलेल्या जुन्या रबरी नळ्या, रिंगा व सुयांची टोके फुगवते किंवा कडक करते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत या मिश्रणाला तोंड देणारे साहित्य वापरले जाते, त्यापूर्वीच्या बऱ्याच गाड्यांत ते नसते. दुसरा परिणाम मिश्रणाच्या प्रमाणावर होतो: इथेनॉलला जळण्यासाठी १ किलोमागे केवळ ९ किलो हवा लागते, त्यामुळे २० टक्के मिश्रणासाठी हे प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास उतरते. एफआय गाडीतील ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखून पुरवठा वाढवू शकतो. कार्बोरेटरचा जेट तसे करू शकत नाही, आणि जुन्या पेट्रोलसाठी नेमका जुळवलेला कार्बोरेटर आज सुमारे ७ ते ८ टक्के लीन चालतो. सकाळी चोक पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागणे आणि पाव थ्रॉटलला किंचित अडखळणे ही त्याची लक्षणे असून, त्यांवर उपाय धुण्याचा नसून जुळवणीचा आहे.

धुणे आणि जुळवणी

निदानानंतर कार्बोरेटर उघडायचा ठरला, तर मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे लागले ते लिहून ठेवावे, कारण त्यावाचून मूळ जुळवणी परत मिळत नाही. जोर लावून घट्ट केल्यास त्याचे सुईसारखे टोक वाकते. जेटमध्ये तार खुपसू नये, कारण पितळ मऊ असते आणि मिलिमीटरच्या शतांशाने रुंदावलेले छिद्रही मिश्रण कायमचे बदलते. क्लीनरचा फवारा आणि दाबाची हवा पुरेशी असते, आणि छिद्रातून प्रकाश सरळ व गोल दिसला पाहिजे. बसवल्यावर इंजिन पूर्ण गरम करून स्लोची जुळवणी करताना स्क्रूची जागा पाहावी: तो हवेच्या फिल्टरच्या बाजूस असेल तर बहुधा हवेवर नियंत्रण ठेवतो आणि बाहेर फिरवल्यास मिश्रण लीन होते, तर इंजिनाच्या बाजूस असेल तर पेट्रोलवर नियंत्रण ठेवतो आणि बाहेर फिरवल्यास रिच होते. हा भेद न जाणता केलेली जुळवणी दोष नेमका उलट दिशेने वाढवते.

हवेचा फिल्टरही याच वेळी तपासावा, कारण मेट्रो आणि रस्तारुंदीकरणाच्या कामांमुळे घोडबंदर व कल्याण-शीळ या मार्गांवर धूळ भरपूर असते, आणि धुळीने बुजलेला फिल्टर मिश्रण इतके रिच करतो की त्याच्या भरपाईसाठी फिरवलेला स्क्रू नवा फिल्टर बसवताच चुकीचा ठरतो.

जुळवणीची अखेरची पडताळणी पीयूसी केंद्रावर आकड्यांत मिळते. मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची ४.५ टक्के, आणि त्यानंतरच्या पण बीएस-६ पूर्वीच्या फोर-स्ट्रोक दुचाकींना ३.५ टक्के अशी मर्यादा आहे. निष्कास नळीत उत्प्रेरक नसलेल्या जुन्या गाडीत हा वायू पेट्रोल अधिक झाल्याचे थेट माप असतो. म्हणून आकडा मर्यादेला भिडला तर पायलट वाट रिच आहे, आणि तो जवळजवळ शून्यावर आला तर ती लीन आहे, असे समजावे. प्रमाणपत्रापुरता स्क्रू फिरवून आकडा तळाला नेण्याची प्रथा गाडीला चाचणीत उत्तीर्ण करते खरी, परंतु आधीच इथेनॉलने लीन झालेल्या मिश्रणावर मे महिन्याच्या उन्हात चालणारे इंजिन त्यामुळे आणखी तापते. पीयूसीचा कागद फाइलमध्ये ठेवताना त्यावरच स्क्रूचे फेरे, जेटचे क्रमांक आणि फिल्टर बदलल्याची तारीख लिहिली, तर पुढची तक्रार येईल तेव्हा शोध नेमका कोठून सुरू करायचा हे मेकॅनिकला पहिल्याच नजरेत कळते.